कारखान्यांवर सोडलेले व्हायरस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला. पॅनेल, सेन्सर आणि पीएलसी यांच्या सहवासात नोकरीची वर्षं गेली. इराणच्या अणुप्रकल्पातली यंत्रं मोडणाऱ्या स्टक्सनेट या व्हायरसची बातमी फुटली तेव्हापासून ओळखीचे लोक वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारतात: कॉम्प्युटरच्या व्हायरसनं लोखंडाचं यंत्र मोडतं कसं? त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींची दोन ओळींत आटोपली आहेत.

नेहमीच्या व्हायरसात आणि यात फरक काय?

नेहमीचा व्हायरस माहितीच्या मागे असतो. फाइली पळवतो, त्यांना कुलूप घालून पैसे मागतो, पासवर्ड उचलतो. त्याची धाव डिस्कपर्यंत. शस्त्र म्हणून लिहिलेला व्हायरस कॉम्प्युटरचा वापर फक्त वाटेतल्या पायरीसारखा करतो. त्याला पुढे जायचं असतं: मोटरचा वेग, व्हॉल्व्हची स्थिती, सबस्टेशनमधला ब्रेकर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच). नुकसान शेवटी लोखंडाचं, वाफेचं, दाबाचं होतं आणि बॅकअपवरून ते परत आणता येत नाही.

त्यामुळे असा व्हायरस लिहायला नुसता हुशार प्रोग्रामर पुरत नाही. समोरच्या प्लँटमध्ये कोणता पंप कुठे आहे, तो किती दाबाला फुटेल, ऑपरेटर कोणत्या आकड्याकडे बघतो, हे सगळं माहीत असलेला प्रोसेसचा माणूस बरोबर लागतो. लोक व्हायरसच्या कोडनं भारावून जातात. मला मात्र त्यामागच्या प्लँटच्या अभ्यासाची जास्त धास्ती वाटते.

पीएलसी म्हणजे काय आणि तो इतक्या सहज फसतो कसा?

पीएलसी म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर: पॅनेलमध्ये बसवलेला एक दणकट, छोटा कॉम्प्युटर. सेन्सरकडून येणारे सिग्नल वाचायचे, आत भरलेलं लॉजिक चालवायचं आणि मोटर, व्हॉल्व्ह, हीटर यांना आदेश सोडायचे, हे काम तो सेकंदाला अनेक वेळा, वर्षानुवर्षं न कंटाळता करतो. सगळ्या पीएलसींचे आकडे गोळा करून कंट्रोल रूमच्या पडद्यावर दाखवते आणि ऑपरेटरचे आदेश खाली पोहोचवते ती स्काडा यंत्रणा.

फसण्याचं कारण इतिहासात आहे. मॉडबस हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांची आपसात बोलायची ठरलेली भाषा, 1979 सालचा. तेव्हा एका कारखान्याच्या वायरी त्याच कारखान्यात संपत. वायरीच्या दुसऱ्या टोकाला आपलाच माणूस असणार हे गृहीतच होतं. त्यामुळे 'तू कोण?' असं मॉडबसमधला कंट्रोलर विचारतच नाही. नीट मांडणीत आदेश आला की तो पाळतो. पुढे त्याच वायरी ऑफिसच्या नेटवर्कला आणि तिथून इंटरनेटला जोडल्या गेल्या, पण कंट्रोलरचा स्वभाव तसाच राहिला.

स्टक्सनेटनं नेमकं काय केलं?

हे जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं बरंचसं यावर उभं आहे.

इराणमधल्या नतांझ इथे युरेनियम समृद्ध करायचा प्रकल्प आहे. तिथली आयआर-1 जातीची सेंट्रिफ्यूज यंत्रं म्हणजे मिनिटाला साठ हजारांहून जास्त फेरे घेणारे उभे, पातळ नळकांडे. अशी 164 यंत्रं जोडून एक साखळी बनायची. वेगावर ताबा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरचा, कन्व्हर्टरवर ताबा सीमेन्सच्या पीएलसीचा, आणि त्या पीएलसीचा प्रोग्राम विंडोजच्या कॉम्प्युटरवरून भरला जायचा. स्टक्सनेट ताब्याच्या या उतरंडीच्या वरच्या टोकानं, म्हणजे विंडोजमधून, आत शिरला.

विंडोजमधल्या चार अशा भेगा त्यानं वापरल्या, ज्या तोपर्यंत मायक्रोसॉफ्टनं बुजवलेल्या नव्हत्या. शिवाय त्याच्या ड्रायव्हर फाइलींवर रियलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या डिजिटल सह्या होत्या, म्हणून विंडोजला तो घरचाच वाटला. पेन ड्राइव्ह खोसून त्यातली फाइल उघडायचीसुद्धा गरज नव्हती. फोल्डर उघडून आयकॉन दिसला की काम झालं.

आत गेल्यावर तो आधी खात्री करून घ्यायचा. सीमेन्सचं स्टेप-7 सॉफ्टवेअर आहे का? पुढे ठरावीक मॉडेलचा पीएलसी आहे का? त्याला किमान 33 कन्व्हर्टर जोडलेले आहेत का, ते ठरावीक दोन कंपन्यांचेच आहेत का (एक फिनलंडची, एक इराणची), आणि ते 807 ते 1210 हर्ट्झमध्ये (हर्ट्झ जास्त तितका वेग जास्त) चालतात का? यातलं काही जुळलं नाही तर मुकाट बसायचा. जगभर लाखभर कॉम्प्युटरांत शिरूनही तो बाकीच्या कारखान्यांच्या यंत्रांना हात न लावता पडून राहिला तो यामुळे.

जुळलं तर आधी काही दिवस नुसता बघत राहायचा. मग 1064 हर्ट्झच्या आसपास चालणारं यंत्र पंधरा मिनिटं 1410 हर्ट्झवर न्यायचा आणि परत मूळ वेगावर आणायचा. त्यानंतर सुमारे 27 दिवस शांतता. मग वेग थेट 2 हर्ट्झपर्यंत उतरवायचा, पन्नास मिनिटं तसाच ठेवायचा आणि पुन्हा पूर्ववत करायचा. इतक्या वेगात फिरणाऱ्या नळकांड्याला वर चढताना आणि खाली उतरताना प्रत्येक वेळी कंपनाचे घातक टप्पे ओलांडावे लागतात. यंत्र एका झटक्यात फुटत नाही, आतून खिळखिळं होतं. मेन्टेनन्सवाला बिचारा बेअरिंगला नाहीतर मालाच्या दर्जाला दोष देत बसतो.

स्टक्सनेटची याहून जुनी एक आवृत्ती नंतर सापडली. तिचा डाव वेगळा होता: साखळीतले व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब वाढवायचा. त्याआधी ती सेन्सरचे खरे आकडे 21 सेकंद टिपून ठेवायची आणि हल्ला चालू असताना तेच आकडे पुन्हा पुन्हा पुढे सरकवायची. आत दाब चढतोय आणि पडद्यावर सगळं आलबेल. शिवाय इंजिनिअरनं पीएलसीतला प्रोग्राम उघडून बघितला तरी स्टक्सनेट मधल्या मधे आपले ब्लॉक गाळून स्वच्छ प्रोग्राम दाखवायचा.

यंत्र मोडणं ही अर्धीच गोष्ट झाली. खरी चलाखी ऑपरेटरचा पडदा ताब्यात घेण्यात होती.

नतांझ इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं म्हणतात. मग आत गेला कसा?

माणसाच्या खिशातून. सिमँटेक या अँटीव्हायरस कंपनीच्या संशोधकांना एक धागा सापडला: स्टक्सनेटची प्रत्येक प्रत आपण कोणकोणत्या कॉम्प्युटरांतून आलो याची नोंद जवळ बाळगायची. त्या नोंदी मागे मागे नेल्यावर सुरुवात इराणमधल्या पाच संस्थांपाशी निघाली. म्हणजे कडेकोट दारावर धडक मारण्याऐवजी त्या दारातून ज्यांची ये-जा असेल त्यांचे कॉम्प्युटर आधी बाधित करण्यात आले. 2019 मध्ये पत्रकारांनी असंही लिहिलं की डच गुप्तचरांनी हाताशी धरलेल्या एका माणसाचा आत शिरकाव करून देण्यात हात होता.

'आमचा प्लँट इंटरनेटपासून तोडलेला आहे' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की मी विचारतो, व्हेंडरचा, म्हणजे यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचा, इंजिनिअर प्रोग्राम बदलायला येतो तेव्हा लॅपटॉप कोणाचा असतो? मी पाहिलेल्या एका कंट्रोल रूममध्ये 'पेन ड्राइव्ह वापरू नये' या पाटीखालच्याच कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावलेला होता. त्यावर शिफ्टवाल्यांची गाणी होती.

तो सापडला कसा?

जून 2010 मध्ये बेलारूसमधल्या व्हायरसब्लोकअडा या छोट्या अँटीव्हायरस कंपनीकडे इराणच्या एका ग्राहकाची तक्रार आली की कॉम्प्युटर सारखे बंद-चालू होतायत. तिथल्या सर्गेई उलासेन यांनी शोध घेतला तेव्हा हा नमुना हाती लागला. विंडोजची बाजू सिमँटेक आणि कॅस्परस्कीनं उलगडली. तो सीमेन्सच्या पीएलसीवरचा नेमका हल्ला आहे हे जर्मनीतले कंट्रोल यंत्रणांचे सुरक्षातज्ज्ञ राल्फ लँगनर यांनी जाहीरपणे मांडलं. 2008 साली अध्यक्ष अहमदीनेजाद नतांझला गेले होते, त्या भेटीचे फोटो इराणनंच प्रसिद्ध केले होते. फोटोंतल्या पडद्यांवर साखळीची मांडणी दिसत होती आणि ती कोडमधल्या मांडणीशी जुळत होती. प्रसिद्धीची हौस अशीही महागात पडते.

'स्टक्सनेट' हे नाव कोणी ठेवलं?

लिहिणाऱ्यांनी नाही. कोडमध्ये सापडलेल्या 'स्टब' आणि 'एमआरएक्सनेट' या शब्दांचे तुकडे जोडून संशोधकांनी ते बनवलं.

हे केलं कोणी? आणि उपयोग झाला का?

जून 2012 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं लिहिलं की ही अमेरिका आणि इस्रायलची संयुक्त मोहीम होती, बुश यांच्या काळात सुरू झालेली आणि ओबामांनी पुढे चालवलेली. सांकेतिक नाव 'ऑलिंपिक गेम्स'. दोन्ही सरकारांनी अधिकृत कबुली कधी दिली नाही, पण या क्षेत्रात आता त्यावर फारसा वाद उरलेला नाही.

उपयोगाबद्दल मात्र वाद आहे. 2009 अखेर ते 2010 च्या सुरुवातीच्या काळात नतांझमधली सुमारे हजार यंत्रं काढून बदलावी लागली असा अंदाज आहे. पण इराणनं ती बदलली, नवी बसवली आणि काम पुढे नेलं. माझ्या मते काही महिन्यांची, फार तर वर्षा-दीड वर्षाची खीळ बसली. त्याच्या मोबदल्यात साऱ्या जगाला हे शस्त्र बनवता येतं याचा पुरावा मिळाला, आणि त्याचा नमुनाही फुकट. क्षेपणास्त्र फुटलं की संपतं. व्हायरस फुटल्यावर तसाच्या तसा शत्रूच्या टेबलावर जाऊन पडतो.

याआधी असं काही घडलंच नव्हतं?

1982 मध्ये अमेरिकेनं बिघडवलेलं सॉफ्टवेअर सोव्हिएत संघाच्या हाती लागू दिलं आणि त्यामुळे सैबेरियात गॅसच्या पाइपलाइनचा प्रचंड स्फोट झाला, अशी एक कथा फिरते. ती एका माजी अमेरिकी अधिकाऱ्याच्या आठवणींतून आली आहे आणि तिला स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही. मी ती दंतकथेच्या खात्यात टाकतो.

खात्रीच्या गोष्टी वेगळ्या आहेत. 2000 साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये मरूची परिसरात पंपिंग स्टेशनं वेडीवाकडी वागू लागली आणि लाखो लिटर मैलापाणी ओढ्यांत आणि बागांत वाहिलं. व्हायरस वगैरे काही नव्हतं. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत पूर्वी कामाला असलेला आणि पालिकेनं नोकरी नाकारलेला एक माणूस गाडीत रेडिओ आणि लॅपटॉप घेऊन आदेश सोडत होता. कंट्रोलरनं 'तू कोण?' विचारलं नाही, हेच खरं.

मार्च 2007 मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत मुद्दाम एक चाचणी घेतली, तिचं नाव 'ऑरोरा'. 2.25 मेगावॉटचा डिझेल जनरेटर ग्रिडला जोडला आणि दुरून आदेश देऊन त्याचा ब्रेकर चुकीच्या क्षणी उघड-बंद केला (ब्रेकर उघडला की जोडणी तुटते, बंद केला की जुळते). जनरेटर आणि ग्रिड यांचा ताल जुळलेला नसताना ब्रेकर बंद झाला की ग्रिड जनरेटरला हिसका देऊन आपल्या तालावर ओढते. अशा काही हिसक्यांत ते अजस्र धूड थरथरलं, त्याचे तुकडे उडाले, धूर निघाला. ही फिल्म ज्यांनी पाहिली त्यांना पुढे स्टक्सनेटचं आश्चर्य वाटलं नसेल.

अख्ख्या शहराची वीज घालवता येते?

येते, आणि घालवलेली आहे. पण सिनेमात दाखवतात तसं एक बटण दाबून नाही.

23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमधल्या तीन वीजवितरण कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरांच्या डोळ्यांसमोर माउसचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकामागून एक ब्रेकर उघडत गेला. ऑपरेटर हताश होऊन बघत राहिले. एकानं फोनवर त्याचं चित्रणही केलं. सुमारे 2,25,000 ग्राहकांची वीज गेली. तयारी कित्येक महिने आधी सुरू झाली होती, ऑफिसातल्या लोकांना पाठवलेल्या ईमेलनं. त्या ईमेलमधून 'ब्लॅकएनर्जी' नावाचा व्हायरस आत आला, त्याच्या मदतीनं पासवर्ड मिळाले, आणि मग हल्लेखोर अधिकृत कर्मचाऱ्यासारखेच आत वावरू लागले.

ब्रेकर उघडून झाल्यावर त्यांनी सबस्टेशनशी बोलणाऱ्या छोट्या कन्व्हर्टर डब्यांचं फर्मवेअर, म्हणजे आत भरलेला मूळ प्रोग्राम, पुसलं, म्हणजे दुरून ब्रेकर पुन्हा जोडता येऊ नयेत. कॉम्प्युटरच्या डिस्क पुसल्या. तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा भडिमार केला, म्हणजे अंधारातल्या ग्राहकांचा फोनच लागू नये. यातला एकेक तुकडा वेगळा घेतला तर साधा आहे. सगळे एका संध्याकाळी, ठरल्या क्रमानं बसवणं, हे तालीम केल्याशिवाय जमत नाही.

तरीही वीज काही तासांतच परत आली. माणसं गाड्या काढून सबस्टेशनला गेली आणि हातानं ब्रेकर जोडले. तिथली यंत्रणा जुनी होती, हातानं चालवता येत होती आणि चालवणारे लोक अजून नोकरीत होते. जास्त आधुनिक ग्रिडला हे इतक्या लवकर जमलं असतं की नाही, मला शंका आहे.

पुढच्याच वर्षी, 17 डिसेंबर 2016 ला, कीव्हच्या उत्तरेकडच्या एका पारेषण सबस्टेशनवर हल्ला झाला. या वेळी माउस हलवणारा माणूस नव्हता. 'इंडस्ट्रॉयर' नावाचा प्रोग्राम सबस्टेशनच्या भाषेत, म्हणजे ब्रेकर ज्या प्रोटोकॉलनं बोलतात त्यांतच, स्वतः आदेश देत होता. शहराच्या काही भागाची वीज तासाभरासाठी गेली. लोक म्हणाले, बस, एवढंच? पण त्याच प्रोग्राममध्ये प्रोटेक्शन रिले गप्प करणारा एक भाग होता. रिलेचं काम म्हणजे लाइनवर दोष आला की क्षणात ट्रिप करणं. ऑपरेटर घाईनं वीज परत जोडत असताना रिले बधिर असते तर ट्रान्सफॉर्मर जळू शकले असते. पत्ता लिहिण्यातल्या चुकीमुळे तो भाग चाललाच नाही. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची नवी ऑर्डर दिली की तो हातात यायला वर्ष उलटू शकतं, हे लक्षात घेतलं म्हणजे तासाभराचा अंधार किरकोळ वाटेनासा होतो.

एप्रिल 2022 मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, याचीच सुधारित आवृत्ती पुन्हा युक्रेनमध्ये सापडली. ती वेळेत पकडली गेली.

मुद्दाम माणसांच्या जिवावर उठेल असा व्हायरस आहे का?

आहे, आणि माझ्या दृष्टीनं या यादीतला सगळ्यात वाईट तोच.

रसायनांच्या आणि तेलाच्या प्लँटमध्ये नेहमीच्या कंट्रोल यंत्रणेपेक्षा वेगळी सेफ्टी यंत्रणा बसवलेली असते. दाब किंवा तापमान हाताबाहेर गेलं की ती कोणाला न विचारता प्लँट बंद करते. बाकी सगळं फसलं तरी ही फसू नये म्हणून तिच्यात एकाच गणिताला तीन-तीन प्रोसेसर असतात. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात नेमक्या अशाच यंत्रणेत, श्नायडर कंपनीच्या ट्रायकोनेक्स कंट्रोलरमध्ये, घुसणारा 'ट्रायटन' सापडला. सेफ्टी कंट्रोलरमध्ये शिरणाऱ्याला तेल चोरायचं नसतं, खंडणी मागायची नसते. स्फोट किंवा विषारी गळती होत असताना ती थांबवणारा हात बांधून ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

तो कसा पकडला गेला? त्याच्या कोडमध्ये गडबड होती. कंट्रोलरच्या आतल्या तपासणीत हिशोब जुळेना, तेव्हा कंट्रोलरनं आपलं काम केलं आणि प्लँट बंद पाडला. त्याआधी जूनमध्येही एक शटडाउन झालं होतं. ते यांत्रिक बिघाडाच्या खात्यावर जमा झालं. ऑगस्टमध्ये पुन्हा झालं तेव्हा खोलात जाऊन शोध घेतला गेला.

या कंट्रोलरवर एक खरीखुरी, हातानं फिरवायची किल्ली असते. ती 'रन' वर असेल तर आत नवा प्रोग्राम भरता येत नाही. त्या प्लँटमध्ये ती 'प्रोग्राम' वर राहिली होती. ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेनं या प्रकरणी मॉस्कोतल्या एका सरकारी संशोधन संस्थेवर निर्बंध लादले.

एका देशावर सोडलेला व्हायरस दुसऱ्यांना लागतो का?

नॉटपेट्या बघा. 27 जून 2017 ला युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एमईडॉक' या करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला. खंडणी मागत असल्याचा नुसता बहाणा; पैसे भरले तरी फाइली परत मिळण्याची सोयच नव्हती. युक्रेनमध्ये ज्यांचं ऑफिस होतं त्या परदेशी कंपन्यांच्या नेटवर्कमधून तो काही तासांत जगभर गेला. मर्स्क या जहाज कंपनीची बंदरांतली टर्मिनलं ठप्प झाली, औषधं बनवणाऱ्या मर्कचं उत्पादन अडलं, चेर्नोबिलमध्ये किरणोत्साराची मोजणी माणसांना हातानं करावी लागली. अमेरिकेच्या अंदाजानुसार एकूण नुकसान 10 अब्ज डॉलरच्या घरात होतं. 2018 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं रशियन लष्कराकडे बोट दाखवलं. रशियानं आरोप फेटाळले.

मर्स्कच्या साऱ्या नेटवर्कची नोंदवही असलेले सर्व्हर सगळीकडे पुसले गेले होते. एकच प्रत वाचली, घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

स्टक्सनेट दहा वेळा खात्री केल्याशिवाय हात उचलत नव्हता. नॉटपेट्यानं तसदीच घेतली नाही. शस्त्र म्हणून दोघांमधला फरक मला तिथे दिसतो.

कोलोनियल पाइपलाइनचं प्रकरण यातच बसतं का?

तंतोतंत नाही. मे 2021 मध्ये अमेरिकेतली ही सुमारे 8,850 किलोमीटर लांबीची इंधनवाहिनी काही दिवस बंद राहिली. हल्ला करणारे 'डार्कसाइड' टोळीचे खंडणीखोर होते आणि त्यांचा व्हायरस ऑफिसच्या कॉम्प्युटरांत शिरला होता. पाइपलाइनच्या पंपांना त्यानं हातही लावला नाही. लागण आणखी पसरेल या भीतीनं कंपनीनं स्वतःच प्रवाह थांबवला. वाट मिळाली ती वापरात नसलेल्या एका जुन्या खात्याच्या पासवर्डमुळे. सुमारे 44 लाख डॉलरची खंडणी भरली गेली; त्यातली बरीचशी रक्कम तपास यंत्रणांनी नंतर परत मिळवली.

म्हणजे पाइपलाइन बंद पाडायला पाइपलाइनपर्यंत पोहोचावंच लागतं असं नाही.

पॅच टाकले, अँटीव्हायरस बसवला की झालं ना?

हा प्रश्न बहुतेक ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यांकडून येतो आणि त्यावरून त्यांची आमची भांडणंही होतात. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भेग बुजवणारा तुकडा, टाकायचा म्हणजे कॉम्प्युटर बंद-चालू करणं आलं. भट्टी पेटलेली आहे, रिअ‍ॅक्टर भरलेला आहे, पुढचं शटडाउन आठ महिन्यांनी आहे. पॅचमुळे स्काडा गोठली तर जबाबदारी कोणाची? पॅच टाकल्यावर सपोर्ट देणार नाही असं व्हेंडर सांगतो ते वेगळंच. त्यामुळे कंट्रोल रूममध्ये दहा-पंधरा वर्षं जुन्या विंडोजवर चाललेली यंत्रं दिसतात, आणि ती आळसामुळेच तशी असतात असं नाही.

अँटीव्हायरस तर पीएलसीत बसतच नाही. शिवाय आताचे हल्लेखोर अनेकदा व्हायरस आणतच नाहीत. आत असलेलीच साधनं आणि चोरलेली खरी खाती वापरतात. तिथे शोधायला फाइल नसते.

छोट्या पाणीपुरवठा केंद्राच्या वाटेला कोण जाणार?

जे सापडेल त्याच्या वाटेला जाणारेही असतात. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात अलिक्विपा या छोट्या गावाच्या पाणीपुरवठ्याचा एक कंट्रोलर हल्लेखोरांच्या हाती गेला. गावाशी वैर काहीच नव्हतं. कंट्रोलर इस्रायली बनावटीचा होता, एवढं निमित्त. असे अनेक कंट्रोलर थेट इंटरनेटवर होते आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड, 1111, कोणी बदललेला नव्हता. तिथल्या लोकांनी पंप मॅन्युअलवर घेतले आणि पाणी चालू ठेवलं.

जानेवारी 2024 मध्ये युक्रेनच्या लव्हीव्ह शहरात गोठवणाऱ्या थंडीत सहाशेहून जास्त इमारतींचं हीटिंग बिघडलं. 'फ्रॉस्टीगूप' नावाच्या या प्रोग्रामनं कंट्रोलरना चुकीचे आदेश धाडले, तेही त्याच 1979 च्या मॉडबसवरून. दुरुस्तीला जवळपास दोन दिवस लागले.

अणुभट्टी उडवता येईल का?

व्हायरसनं अणुभट्टीचा स्फोट घडवला असं आजवर झालेलं नाही. भट्टी बंद करणाऱ्या यंत्रणा वेगळ्या आणि अनेक पदरी असतात. मात्र व्हायरस आवारात शिरल्याची उदाहरणं आहेत. जानेवारी 2003 मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात 'स्लॅमर' शिरला आणि सुरक्षेचे आकडे दाखवणारी यंत्रणा काही तास बंद पडली. ती वाट एका कंत्राटदाराच्या जोडणीतून गेली होती. सुदैवानं भट्टी आधीपासूनच बंद होती. 2019 मध्ये कुडनकुलममध्ये प्रशासकीय कामाच्या नेटवर्कवरच्या एका कॉम्प्युटरात व्हायरस सापडल्याचं अणुऊर्जा महामंडळानं मान्य केलं. भट्टीची नियंत्रण यंत्रणा त्यापासून वेगळी असल्याचंही सांगितलं.

याला युद्ध म्हणायचं का?

कायद्याच्या पुस्तकांत जिनिव्हा करारांचा 1977 चा जोड करार आहे. धरणं, बंधारे आणि अणुवीज केंद्रं यांच्यावर हल्ला करून विध्वंस ओढवू नये असं तो सांगतो. शस्त्र बॉम्ब आहे की कोड, याचा तिथे फरक पडू नये. अडचण पुढे येते: हल्ला कोणी केला हे सिद्ध कोण करणार, आणि तासभर वीज जाण्याला सशस्त्र हल्ला म्हणायचं का?

गंमत म्हणजे या प्रश्नाचा कीस सेनापतींच्या आधी विम्याच्या वकिलांनी काढला. नॉटपेट्याच्या नुकसानीसाठी मर्कनं सुमारे 1.4 अब्ज डॉलरचा दावा केला. विमा कंपन्या म्हणाल्या, हे युद्ध, आणि युद्धाचं नुकसान विम्यात धरत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयानं मर्कच्या बाजूनं निकाल दिला, 2023 मध्ये तो अपिलातही टिकला आणि पुढे तडजोड झाली. त्यानंतर विमा कंपन्यांनी पॉलिसीतली वाक्यं बदलायला घेतली.

मग प्लँटनं बचाव कसा करायचा?

ऑफिसचं आणि प्लँटचं नेटवर्क वेगळं ठेवा, आणि मधला दुवा लागतोच तिथे असा ठेवा की आकडे बाहेर जातील पण आदेश आत येणार नाहीत. याला डेटा डायोड म्हणतात. प्रकाश एकाच दिशेनं जाईल अशी फायबरची जोडणी. दुरून जोडणी व्हेंडरला हवी तेव्हाच चालू करा, काम झालं की तोडा. पीएलसीत चालू असलेला प्रोग्राम आणि कपाटातली मूळ प्रत अधूनमधून ताडून बघा, आणि ताडणारा कॉम्प्युटर रोजच्या वापरातला नसावा. स्टक्सनेटनं त्याच कॉम्प्युटरला खोटं बोलायला लावलं होतं.

शिवाय पडद्याखेरीज दुसरा साक्षीदार ठेवा. टाकीवर काट्याचा प्रेशर गेज असतो, त्याला वायर नसते म्हणून त्याला कोणी फसवू शकत नाही. हल्ली नव्या प्रकल्पांत असे गेज 'जुनाट' म्हणून वगळतात. मी भांडून ठेवायला लावतो. अतिदाबाला उघडणारा स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्हही तसाच, कोणाचा आदेश न ऐकणारा.

आणि वर्षातून एकदा तरी प्लँट, निदान त्याचा एखादा भाग, मॅन्युअलवर घेऊन चालवा. मार्च 2019 मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर खंडणीखोर व्हायरस आला. पडदे गेले तेव्हा जुन्या जाणत्या लोकांनी कागद-पेन्सिल घेऊन बरंचसं काम चालू ठेवलं, आणि कंपनीनं खंडणी भरली नाही.

मी शिफ्टमध्ये काम करतो. माझ्या हातात काय आहे?

गेजचा काटा आणि पडद्यावरचा आकडा जुळत नसेल तर लॉगबुकमध्ये वेळेसकट लिहा. 'सेन्सर खराब असेल' म्हणून सोडून देऊ नका. एकदा कारण न कळता प्लँट ट्रिप झाला तर ट्रिपची नोंद कोणी बघितली ते विचारा. सापडलेला पेन ड्राइव्ह कुठेच लावू नका, घरच्या लॅपटॉपलाही नाही. आणि पुढच्या फेरीत सेफ्टी पॅनेलपाशी गेलात की किल्ली कुठे आहे ते पाहा. 'प्रोग्राम' वर असेल आणि काम चालू नसेल, तर शिफ्ट इन्चार्जला बोलवा, ती 'रन' वर घ्यायला लावा आणि काढून कपाटात ठेवायला सांगा.